हार्वर्डचं दार आणि डेट्रॉइटची भिंत : अमेरिकेत वंश पाहून प्राधान्य देण्याची गरज संपली का?

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन विद्यापीठांविरुद्धच्या खटल्यांत निकाल दिला. प्रवेश देताना अर्जदाराचा वंश विचारात घेता येणार नाही, असा तो निकाल. आपल्याकडे ही बातमी 'अमेरिकेतलं आरक्षण रद्द' अशी फिरली. पुढे २१ जानेवारी २०२५ ला अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सरकारी कंत्राटदारांना बांधून घेणारा १९६५ चा आदेशही मागे घेतला आणि चर्चेला पुन्हा तोंड फुटलं. न्यू जर्सीतल्या मावशीपासून सांगलीतल्या काकांपर्यंत सगळ्यांना यावर मत आहे, आणि बहुतेक मतांच्या मुळाशी एकच समज आहे : भेदभाव कायद्याने कधीच संपला, आता सगळ्यांना एकच फूटपट्टी लावा.

हा समज प्रामाणिक आहे. पण तो तपासायचा तर विद्यापीठाच्या दारापासून मागे यावं लागतं, पार घरांच्या किमतींपर्यंत. आधी मात्र जे रद्द झालं ते नेमकं काय होतं, ते पाहू.

## अमेरिकेत आरक्षण होतं का?

आपल्या अर्थाने नव्हतं. 'अफर्मेटिव्ह ॲक्शन' म्हणजे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलं, त्याला आत घेण्यासाठी दार नुसतं उघडं न ठेवता मुद्दाम पावलं उचलणं. या लेखात पुढे मी त्याला साधं 'प्राधान्य' म्हणेन. वंशभेदाच्या संदर्भात हे धोरण सरकारी कागदावर आलं ते ६ मार्च १९६१ च्या आदेशात. अध्यक्ष जॉन केनेडी यांनी सरकारी कंत्राटदारांना बजावलं की नोकरभरतीत वंश, धर्म, रंग पाहू नका, आणि तसं घडतंय याची खात्री करण्यासाठी स्वतःहून हालचाल करा. १९६५ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी ते आणखी पक्कं केलं. त्याला धार आली १९६९ मध्ये, तीही रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या काळात. फिलाडेल्फियातल्या सरकारी बांधकामांवर कृष्णवर्णीय कामगार जवळपास दिसतच नव्हते, कारण कामगार संघटनांचं सदस्यत्वच गोऱ्यांच्या नातलगांत फिरायचं. तिथे ठेकेदारांना भरतीची उद्दिष्टं ठरवून दिली गेली.

विद्यापीठांत काहींनी जागाच राखून ठेवल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा अशा होत्या. ॲलन बाकी या गोऱ्या अर्जदाराने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा बेकायदा ठरवल्या. म्हणजे 'अमेरिकेतलं आरक्षण' रद्द व्हायचंच होतं, तर ते २०२३ च्या ४५ वर्षं आधी झालं. मिशिगन विद्यापीठाने १५० पैकी २० गुण अल्पसंख्य वंशाच्या अर्जदारांना देण्याची पद्धत काढली होती. तीही २००३ मध्ये गेली.

उरलं होतं ते एवढंच : अर्ज वाचणाऱ्याने इतर दहा गोष्टींबरोबर वंशही लक्षात घ्यायचा. हार्वर्डमध्ये अर्ज वाचणारे अभ्यास, अभ्यासाबाहेरचे उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व अशा सदरांखाली १ ते ६ अशी श्रेणी देतात. १ सगळ्यात वरची. त्यातून जे अर्ज अगदी काठावर असत, तिथे वंशामुळे पारडं झुकू शकत असे. आणि हेही फक्त मोजक्या नामांकित संस्थांत, कारण अमेरिकेतली बहुसंख्य कॉलेजं अर्ज करणाऱ्या बहुतेकांना घेतातच.

## न्याय म्हणायचं नाही, विविधता म्हणायचं

हा भाग मला सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

भारताच्या राज्यघटनेत मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत आहे. १६(४) आणि पहिल्या दुरुस्तीने आलेलं १५(४). अमेरिकेच्या घटनेत असं कलम नाही. तिथे १८६८ ची चौदावी दुरुस्ती आहे, कायद्याचं समान संरक्षण देणारी. वर सांगितलेल्या ॲलन बाकी यांच्या खटल्यात न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांचं मत निर्णायक ठरलं. त्यांनी सांगितलं की समाजाने पूर्वी केलेल्या अन्यायाची भरपाई म्हणून वंश पाहता येणार नाही. पण वर्गात नाना प्रकारची मुलं असली की सगळ्यांचं शिक्षण चांगलं होतं, या कारणासाठी पाहता येईल.

झालं. त्या दिवसापासून विद्यापीठांनी कोर्टात 'आम्ही जुना अन्याय भरून काढतोय' असं म्हणणं सोडलं आणि 'आम्हाला विविधता हवी' असं म्हणायला सुरुवात केली. न्याय हा ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा हक्क असतो. विविधता ही विद्यापीठाची सोय. त्यामुळे दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांत राबलेल्यांचा पणतू आणि नायजेरियाहून नुकत्याच आलेल्या डॉक्टर दांपत्याची मुलगी, दोघंही एकाच रकान्यात आले. 'फायदा भलतेच घेतात' हा आक्षेप इथूनच निघाला आणि त्यात तथ्य आहे. पण तो दोष प्राधान्याचा नव्हे, त्याचं खरं कारण बोलायला केलेल्या बंदीचा आहे.

२०२३ मध्ये सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी विविधतेचं हे कारणही मोजता न येणारं म्हणून नाकारलं. चौदावी दुरुस्ती रंग पाहतच नाही, हा बहुमताचा सूर. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी निकालपत्रात इतिहासाकडे बोट दाखवलं : ज्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ही दुरुस्ती केली, तिनेच गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या शाळांसाठी आणि मदतीसाठी चालणाऱ्या फ्रीडमेन्स ब्युरोला बळ दिलं होतं. त्यांना रंग दिसत नव्हता असं कसं म्हणायचं?

## घर : विषमता साठवण्याची जागा

आता मूळ मुद्दा. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या, म्हणजे ना श्रीमंत ना गरीब अशा, गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता सुमारे २,८५,००० डॉलर भरली. तशाच कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४४,९००. साधारण सहापटीची तफावत. पगारांतला फरक एवढा मोठा नाही. मग ही दरी आली कुठून?

मुख्यतः घरातून. १९३० च्या मंदीपूर्वी अमेरिकेत घर घ्यायचं तर बऱ्याचदा निम्मी रक्कम रोख मोजावी लागे आणि बाकीचं कर्ज काही वर्षांतच फेडावं लागे. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन झालं. या सरकारी संस्थेने बँकांना गृहकर्जाची हमी दिली, त्यामुळे हाताशी थोडी रक्कम असलेला कामगारही दीर्घ मुदतीच्या हप्त्यांवर घर घेऊ लागला. अमेरिकेचा मध्यमवर्ग उभा राहिला तो या कर्जांवर. पण हमी कुठल्या घराला द्यायची हे मूल्यमापक ठरवत, आणि त्यांच्या सरकारी पुस्तिकेत वस्तीत 'विसंगत वांशिक गट' शिरण्याचा धोका तपासा, असं लिहिलेलं होतं. त्याच काळात दुसऱ्या एका सरकारी महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले : हिरवा, निळा, पिवळा, लाल. लाल म्हणजे कर्जाला धोक्याचा भाग. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास हटकून लाल.

डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका विकासकाला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती होती, म्हणून सरकारी हमी अडली. त्याने मध्ये सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली, आणि हमी मिळाली. ती भिंत आजही उभी आहे. न्यू यॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी आठ हजार डॉलरच्या आत घरं निघाली. सुरुवातीच्या भाडेकरारात कलम होतं की गोऱ्या वंशाखेरीज कुणी इथे राहू नये. घरकामाचे नोकर मात्र इतर वंशाचे चालतील. त्याच युद्धात लढलेला कृष्णवर्णीय सैनिक त्या घरात भांडी घासू शकत होता, राहू शकत नव्हता. आज तिथल्या घरांच्या किमती पाच लाख डॉलरच्या वर आहेत.

कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल. हेडच्या शेताला चाळीस वर्षं पाणी मिळालं, टेलला मुद्दाम दार बंद ठेवलं. हेडवाल्याने उसावर विहीर पाडली, पोरं पुण्याला शिकवली, सोसायटीत पत कमावली. मग एके दिवशी कायदा आला की यापुढे सगळ्यांना सारखं पाणी. अमेरिकेत तो दिवस म्हणजे १९६८ चा घरांतला भेदभाव बंद करणारा कायदा. पाणी सारखं झालं. विहीर, पत आणि शिकलेली पोरं हेडवाल्याकडेच राहिली.

याचा शाळेशी संबंध काय, तर थेट. अमेरिकेत सरकारी शाळेच्या खर्चाचा मोठा हिस्सा त्या त्या भागातल्या मालमत्ता करातून येतो आणि मुलाची शाळाही बहुधा पत्त्यावरून ठरते. राज्य सरकारं काही भरपाई करतात, पण महाग घरांच्या भागात शाळा चांगली, आणि शाळा चांगली म्हणून घरं आणखी महाग, हे चक्र थांबत नाही. हार्वर्डच्या टेबलावर अर्ज येतो तोवर सतरा वर्षं हा हिशेब चालू असतो.

## मग गरिबी पाहून द्या, वंश कशाला?

हा सगळ्यात रास्त वाटणारा आक्षेप, आणि गरीब मुलांना मदत मिळायलाच हवी यात वाद नाही. पण वंशाची जागा तो घेऊ शकत नाही.

एक तर अमेरिकेत संख्येने गोरे गरीब जास्त आहेत, त्यामुळे फक्त उत्पन्न पाहिलं तर वांशिक दरी फारशी भरत नाही. दुसरं, सारखाच पगार असलेली दोन कुटुंबं सारखी नसतात. कृष्णवर्णीय कुटुंब सरासरीने जास्त गरीब वस्तीत राहतं आणि गाठीशी कमी बाळगून असतं. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये कोट्यवधी अमेरिकनांच्या नोंदी तपासल्या. एकाच वस्तीत, सारख्याच उत्पन्नाच्या घरांत वाढलेल्या मुलग्यांपैकी कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी गोऱ्यांपेक्षा कमी कमावतात, असं जवळपास सगळ्या देशभर दिसलं. म्हणजे बापाचा पगार सारखा करूनही रंग उरतो.

तो का उरतो याचं एक उत्तर शिकागो आणि बॉस्टनमधल्या प्रयोगात आहे. मारिआन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी नोकरीच्या जाहिरातींना तोडीस तोड बायोडेटा पाठवले, फक्त नावं बदलली. एमिली, ग्रेग अशी गोरी वाटणारी नावं असली की बोलावणं येण्याचं प्रमाण सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होतं. लकिशा, जमाल असली की कमी. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे नागरी हक्कांच्या कायद्यानंतर चाळीस वर्षांनी. आडनाव ऐकून भाड्याचं घर नाकारलेलं आपल्यापैकी ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

## आमच्या मुलांचा काय दोष?

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न पोटतिडकीने विचारला जातो आणि तो उडवून लावणं चूक आहे. खटल्यात आकडे समोर आले. अभ्यासाच्या गुणांत वरच्या दहा टक्क्यांत असलेल्या आशियाई अर्जदारांपैकी हार्वर्डमध्ये १२.७ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. त्याच गटातल्या कृष्णवर्णीयांपैकी ५६.१ टक्क्यांना. शिवाय 'व्यक्तिमत्त्व' या सदरात आशियाई मुलांना सरासरीने कमी श्रेणी मिळत होती. मुलगा अभ्यासात पहिला, पण स्वभावाने म्हणे फिका! हा पूर्वग्रहच आहे, आणि त्याबद्दल हार्वर्डला धारेवर धरायलाच हवं होतं.

पण त्या जागा कुणाकडे जात होत्या, तेही याच खटल्यातल्या आकडेवारीवरून कळलं. हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४३ टक्के चार विशेष गटांत मोडत होते : खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं, आणि देणगीदारांचे नातलग वगैरे ज्यांच्यात डीनला रस आहे अशी मुलं. कृष्णवर्णीय, आशियाई आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळांच्या) विद्यार्थ्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांहूनही कमी. आजोबा हार्वर्डचे, म्हणून नातू हार्वर्डचा. आजोबांच्या काळात तिथे कोण शिकत होतं हे सांगायची गरज नाही. निकालाने यातल्या कशालाही हात लावला नाही.

आणखी एक गोष्ट मला आपल्या लोकांना मनापासून सांगावीशी वाटते. आपण अमेरिकेत पोचलो ते ३ ऑक्टोबर १९६५ ला सही झालेल्या इमिग्रेशन कायद्यामुळे, ज्याने देशावरून ठरणारा जुना भेदभावी कोटा काढून टाकला. तो मंजूर झाला नागरी हक्क चळवळीने तयार केलेल्या वातावरणात. जी माणसं अलाबामाच्या रस्त्यावर लाठ्या खात होती, त्यांच्या लढ्याने आपलंही दार किलकिलं झालं. आणि त्या दारातून आधी आले ते डॉक्टर, इंजिनिअर. गाळून घेतलेली माणसं, पदव्या सोबत घेऊन. त्यांच्या मुलांची तुलना ज्यांची घरं, कर्जं, शाळा कायद्याने अडवल्या त्यांच्या मुलांशी करून 'आम्ही केलं, त्यांना का जमत नाही' म्हणणं न्यायाचं नाही. जोतीराव फुल्यांना हे नातं १८७३ मध्येच दिसलं होतं. 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं.

## झेपलं नाही तर?

कमी गुणांवर मोठ्या कॉलेजात गेलेली मुलं मागे पडतात, त्यापेक्षा जमेल अशा कॉलेजात बरी, असं एक म्हणणं आहे. ऐकायला काळजीचं वाटतं. हे तपासायची संधी कॅलिफोर्नियाने दिली. तिथे १९९६ मध्ये मतदारांनीच सरकारी विद्यापीठांतलं प्राधान्य बंद केलं. अर्थतज्ज्ञ झॅकरी ब्लीमर यांनी त्यानंतरच्या मुलांचा माग काढला. प्राधान्य गेल्यावर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं कमी दर्जाच्या कॉलेजांत ढकलली गेली, पदवी मिळवण्याचं प्रमाण घटलं, आणि वयाच्या २४ ते ३४ या काळात त्यांचं वार्षिक उत्पन्न सुमारे ५ टक्क्यांनी कमी राहिलं. ओझं वाटेल म्हणून जे काढून घेतलं, तेच त्यांना वर नेत होतं.

## वंश न पाहता जमेल का?

प्रयत्न भरपूर झाले. टेक्सासने १९९७ मध्ये राज्यातल्या प्रत्येक हायस्कुलातल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश दिला. यातली मेख अशी की शाळा वंशानुसार विभागलेल्या राहिल्या तरच हा उपाय चालतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाने वंशाचं नाव न घेणाऱ्या योजनांवर २००४ पासून अर्ध्या अब्ज डॉलरहून जास्त खर्च केले आणि तरी पुरेसं साधलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयालाच लेखी कळवलं. मिशिगनमध्ये २००६ ला बंदी आली. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर इथल्या पदवी वर्गांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत ४ टक्क्यांवर आलं.

२०२३ च्या निकालानंतरच्या पहिल्या तुकडीचं चित्र संमिश्र आहे. एमआयटीत कृष्णवर्णीय विद्यार्थी आधीच्या सरासरी १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर घसरले, ॲमहर्स्ट कॉलेजात ११ वरून ३ वर. येलमध्ये मात्र १४ टक्के कायम राहिले, प्रिन्स्टनमध्येही प्रमाण जवळपास पूर्वीइतकंच राहिलं. आणि याच दोन ठिकाणी आशियाई मुलांचं प्रमाण उलट कमी झालं. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये. पण 'बंदी आली की आशियाई मुलांच्या जागा वाढणार' हे गणित इतकं सरळ नव्हतं, हे दिसलं.

## हे किती दिवस चालायचं?

२००३ मध्ये मिशिगनच्या लॉ स्कूलचं प्राधान्य कायम ठेवताना न्यायमूर्ती सॅन्ड्रा डे ओकॉनर यांनी अपेक्षा व्यक्त केली होती की आणखी २५ वर्षांनी त्याची गरज राहणार नाही. २०२८ ही ती मुदत. न्यायालयाने पाच वर्षं आधीच गाशा गुंडाळला. प्राधान्य कायमचं असू नये, हे मलाही मान्य आहे. पण ते कॅलेंडर पाहून नव्हे, मोजमाप करून थांबवावं : मालमत्तेतली सहापटीची दरी किती उरली, लकिशाच्या बायोडेटाला उत्तर येतं का, शाळेचा दर्जा अजून पत्त्यावरून ठरतो का. या तिन्हींपैकी एकही मोजमाप आज 'थांबा' म्हणत नाही.

कॉलेजप्रवेशातलं प्राधान्य हा तसा छोटा, अगदी शेवटच्या टप्प्यावरचा उपाय होता. विषमता घर आणि कर्ज यांच्या पातळीवर घडली. तिथे हात घालायला कुठल्याच सरकारला धीर झाला नाही, म्हणून सगळं ओझं प्रवेश समितीवर आलं. आता तेही गेलं. रॉबर्ट्स यांनी एक फट ठेवली आहे : वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थी निबंधात लिहू शकतो. त्यामुळे सतरा वर्षांच्या पोरांना आपले घाव अनोळखी परीक्षकापुढे उघडून दाखवावे लागतात.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या सवलतीवर मात्र आता कुऱ्हाड पडू लागली आहे. हार्वर्डच्या या सवलतीविरुद्ध निकालानंतर काही दिवसांतच नागरी हक्क संघटनेने शिक्षण खात्याकडे तक्रार नोंदवली, आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी विद्यापीठांतही ती बंद करणारा कायदा केला. 'फक्त गुणवत्ता' म्हणणारे सगळे या तक्रारीच्या बाजूने उभे राहतात का, ते पाहायला हवं.